तिऱ्हाईताचा हप्ता

आमच्या गाडीचा विमा जूनमध्ये संपतो, आणि जून हा आमच्या घरातला सगळ्यात ओढाताणीचा महिना. मृगाचा पाऊस लागला की बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घराची कौलं दरवर्षी कुठून ना कुठून गळतात, शाकारायला माणूस बोलवावा लागतो. धाकट्या भावाच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची असते. दमट हवेनं बाबांचा दमा वाढतो आणि औषधांची चिठ्ठी लांबते. अशात एखाद्या दुपारी, उद्यमबागेतल्या कारखान्यात मी मायक्रोमीटर हातात धरून उभी असताना फोन वाजतो. आपल्या वाहनाची पॉलिसी अमुक तारखेला संपत आहे.

२०२३ च्या जूनमध्ये आकडा होता ७,४१५ रुपये. तेव्हा माझा पगार हातात १९,५०० येत होता. म्हणजे एका महिन्याच्या पगारातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा एका कागदाला गेला. त्या रकमेची फोड मला अजून पाठ आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी ३,८६० रुपये, थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचे, २,०९४ आणि मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचे ३३०. बेरीज ६,२८४. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,१३१.

माझं काम क्वालिटीत आहे. दिवसभर जॉब मोजायचे आणि मायक्रॉनचा फरक निघाला तरी बाजूला काढायचे. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय मला राहवत नाही. खरं, हा कागद वाचायला मी शिकले ती पैसे गेल्यावर, त्याच्या आधी नाही.

गाडी आम्ही हौसेनं घेतली नव्हती. बाबांनी फाउंड्रीत एकतीस वर्षं साचे भरले. वाळूचा तो बारीक धुरळा इतक्या वर्षांत छातीत कसा जातो हे आमच्या भागातल्या घराघरांत माहीत आहे. २०२२ च्या जुलैत एका रात्री दोन वाजता त्यांना श्वास घेता येईना. बाहेर धो धो पाऊस. रिक्षावाले फोन उचलेनात. शेवटी शेजारच्या काकांच्या स्कूटरवर पुढे काका, मध्ये बाबा आणि मागे मी, तिघांवर मिळून एक ताडपत्री, असे आम्ही दवाखान्यात पोचलो. बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी ठरवलं की पुढच्या पावसाच्या आत दाराशी चार चाकं पाहिजेत.

निपाणीला माझे मामा असतात. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांची २०१६ ची वॅगन-आर कागलला विकायला होती. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की महाराष्ट्र सुरू होतो आणि कागल तिथून जवळच. किंमत दोन लाख पस्तीस हजार. बेळगावात त्याच वर्षाच्या गाडीला वीस-पंचवीस हजार जास्त सांगत होते. कर्नाटकात नव्या गाडीला आजीवन कर किमतीनुसार १३ ते १८ टक्के पडतो, तो जुन्या गाडीच्या भावातही उतरतो, असं मामा म्हणाले. आईच्या पाटल्या, सोसायटीचं कर्ज आणि माझी तीन वर्षांची शिल्लक असं सगळं गोळा करून २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही गाडी आणली. एमएच-०९ ची पाटी लावलेली पांढरी गाडी वडगावच्या गल्लीत शिरली तेव्हा आईनं लिंबू-मिरची बांधली आणि चाकाखाली नारळ फोडला.

मग कागदं सुरू झाली. कोल्हापूरच्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. नाव बदलायला २९ आणि ३०. इकडं आल्यावर गाडीच्या वयाप्रमाणे उरलेला आजीवन कर आणि मग नवा नंबर. आमच्या भागात सोयरीक सीमेपलीकडे अगदी सहज होते. आईचं माहेर, आत्याचं सासर, सगळं दोन्हीकडे पसरलेलं आहे. गाडीला मात्र ही रेघ ओलांडायला अडीच महिने लागले. अर्ज बरेचसे कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, सहीपुरतं लिहिता येतं, पण सरकारी कन्नड वाचताना मी अडखळते. आमच्या डिस्पॅचमधले अण्णा बैलहोंगलकडचे. त्यांनी दोन दिवस जेवणाची सुट्टी मोडून माझ्या शेजारी बसून एकेक रकाना भरून घेतला. मी घाबरले की म्हणायचे, ‘चिंती माडब्याड, तंगी.’ म्हणजे काळजी करू नकोस. तंगी म्हणजे धाकटी बहीण. कन्नडमध्ये ‘विमे’ आणि मराठीत ‘विमा’, एवढा एक शब्द त्या सगळ्या कागदांत मला ओळखीचा वाटायचा. आणि नेमकं त्याच शब्दापाशी आमचं चुकलं.

एप्रिलच्या मध्यावर आरसी माझ्या नावावर झाली आणि केए-२२ ची नवी पाटी लागली. विमा जूनअखेरपर्यंत भरलेला होता, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. विकणाऱ्यांनी पॉलिसीची प्रत देताना सांगितलं होतं, ‘फुल विमा आहे, पन्नास टक्के बोनस चालू आहे.’ बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. आम्हाला वाटलं, गाडीबरोबर टायर आले, स्टेपनी आली, तसा विमाही आला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निपाणीहून परत येताना काकतीच्या अलीकडे वळवानं गाठलं. पहिल्याच पावसात रस्ता तेलकट होतो. पुढे अचानक कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि गाडी सरकत जाऊन दुभाजकाला धडकली. बाबा शेजारी बसले होते. पट्टा लावलेला होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. बंपर, हेडलाइट, बॉनेट आणि रेडिएटर गेला. गॅरेजचा अंदाज ३१,००० रुपये.

मी क्लेम टाकला. सर्व्हेअर आले, फोटो काढले, नीट बोलले. पंधरा दिवसांनी पत्र आलं की दावा नामंजूर. अपघाताच्या दिवशी गाडी माझ्या नावावर होती आणि पॉलिसी कागलच्या गृहस्थांच्या. पॉलिसी ज्यांच्या नावावर, त्यांचं काही नुकसान झालं नव्हतं. नुकसान जिचं झालं, तिच्या नावावर पॉलिसी नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे आपोआप येतो, म्हणजे त्या दिवशी माझ्या गाडीखाली कुणी आलं असतं तर त्या माणसाला संरक्षण होतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र तसा येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं लागतं. ते आम्ही केलं नव्हतं, आणि ते करायला हवं हे आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. त्या पन्नास टक्के बोनसचंही तसंच. तो गाडीचा नसतोच, माणसाचा असतो. कागलच्या गृहस्थांनी तो आपल्या नव्या गाडीला लावून घेतला, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

३१,००० रुपये मी सोसायटीच्या दुसऱ्या कर्जातून भरले. ते फेडायला चौदा महिने लागले. हे लिहितानाही पोटात गोळा येतो, कारण ज्या घरात एवढ्या पैशांसाठी पाटल्या गहाण पडतात, त्याच घरांत जुन्या गाड्या येतात. नवी गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये बसवून सगळं भरून देतात. जुनी घेणाऱ्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतले कागद पडतात.

जून आला. नवी पॉलिसी, प्रथमच माझ्या नावावर, बोनस शून्य. तेव्हा मी पहिल्यांदा बसून सगळं वाचलं आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते आहे.

ब्रिटन-अमेरिकेत पंचविशीच्या आतल्या चालकाला विमा कितीतरी महाग पडतो, तिथं वय बघून हप्ता ठरतो. आपल्याकडे हिशोब मुख्यतः गाडीवरून होतो. इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी, नोंदणी कुठली. थर्ड पार्टीचा दर तर सरकारच ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांत सारखा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४, त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये. आमच्या गाडीचं इंजिन ९९८ सीसीचं. दोन सीसीच्या फरकानं आम्ही खालच्या रांगेत बसलो. या तक्त्यात वयाचा रकानाच नाही, म्हणून वाटतं की पोरासोरांना आणि म्हाताऱ्यांना एकच न्याय आहे.

तसा तो नाही. वय विचारत नाहीत, पण बोनस विचारतात. एक वर्ष क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. दोन वर्षांनी २५, मग ३५, मग ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. आमच्या मॅनेजर साहेबांचा पगार माझ्या चौपट आहे, मुलं शिकून बाहेर पडलेली, आणि त्यांना वीस वर्षांच्या गाडी चालवण्यातून आलेला ५० टक्के बोनस आहे. ज्या भागाला मी ३,८६० भरले, तो त्यांना त्याच गाडीसाठी १,९३० ला पडला असता. सांभाळून चालवणाऱ्याला सूट मिळावी यात गैर काही नाही, ती मिळायलाच हवी. पण चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कुणी कितीही सांभाळून चालवली तरी त्याच्या हातात दाखवायला वर्षंच नसतात. पगार सगळ्यात कमी असतो तेव्हा हप्ता सगळ्यात जास्त, आणि पगार वाढतो तसा हप्ता उतरत जातो.

शिवाय ही जमवलेली वर्षं फार नाजूक असतात. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की बोनस पुसला जातो. माझ्याबरोबर डिप्लोमा केलेली एक मैत्रीण मच्छेच्या कारखान्यात कंत्राटावर होती. कंत्राट संपलं, चार महिने घरी बसली, त्यातच पॉलिसीची तारीख गेली. परत काम लागल्यावर ती विमा भरायला गेली तेव्हा आधी गाडीची तपासणी झाली आणि दोन वर्षांचा २५ टक्के बोनस गेलेला निघाला. म्हणाली, ‘काम गेलं तेव्हा एवढं रडले नव्हते गं.’ आमच्या वयाच्या माणसांची कामं अशीच तुटक असतात. दोन कंत्राटांच्या मधल्या भोकातून पहिल्यांदा असलंच काहीतरी गळतं.

पुण्यात जाऊन नोकरी करणाऱ्यांची आणखी एक कथा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या जुन्या तक्त्यात देशाचे दोन विभाग केलेले आहेत. मुंबई, पुणे, बंगळूर अशी मोठी शहरं ‘अ’ विभागात आणि उरलेला देश ‘ब’ मध्ये. बेळगाव ‘ब’ मध्ये, म्हणून आपल्याकडे दर थोडा कमी. पण बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की नोंदणी तिकडची करावी लागते, तिथला कर भरावा लागतो, आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. सीमेवरच्या पोरांची गाडी ही कायमच कुठल्यातरी तारखेच्या आत असते.

पैसे वाचवायला माणूस काय काय कापतो तेही मी पाहिलं. माझे मामा झीरो डेप (भाग जुने झाले म्हणून पैसे न कापणारी जोड), इंजिनाचं संरक्षण असलं काही घेत नसत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेला पूर आला, यमगर्णीपाशी हायवे पाण्याखाली गेला आणि त्यांची गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर त्यांनी घाईनं चावी फिरवली. आत गेलेल्या पाण्यानं इंजिन धरलं. सीट, वायरिंग यांचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाहीत. पाण्यात राहिलेली गाडी चालू करायची नसते, ती ओढूनच गॅरेजला न्यायची असते, हे बेळगाव-निपाणीच्या प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. झीरो डेपचंही तसंच. नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी यांच्या किमतीतले निम्मेच मिळतात, आणि आजकालच्या गाडीचा पुढचा भाग म्हणजे बराचसा प्लास्टिकच.

पण लोक सगळ्यात आधी कापतात ते हे नाही. सगळ्यात आधी विमाच कापतात.

एकदा जेवणाच्या सुट्टीत शॉपमधली पोरं डबे उघडून बसली होती. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि विषय निघाला पॉलिसीचा. व्हीएमसी या धातू कापायच्या यंत्रावरचा एक तेवीस वर्षांचा ऑपरेटर म्हणाला, ‘ताई, हिशोब बघ की. नुसता थर्ड पार्टी काढला तरी दोन हजार चौऱ्याण्णव, वर जीएसटी. चोवीसशे एक्काहत्तर झाले. पोलिसांनी धरलं तर दंड दोन हजार. दंड परवडतो न्हवं?’ सगळी हसली. मी मनात आकडे मांडले, तर त्याचा हिशोब बरोबर होता. विम्याविना गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तर दंड २,००० आणि पुन्हा सापडलं तर ४,०००. त्याशिवाय दोन्ही वेळी कैदेचीही तरतूद आहे, ती त्याला ठाऊक नव्हती. पण वर्षभरात एकदा सापडणारा माणूस विमा भरणाऱ्यापेक्षा स्वस्तात सुटतो. देशातल्या निम्म्याच्या आसपास गाड्या विम्याविना धावतात असं सरकारी आकडे सांगतात, त्यात दुचाक्या जास्त. ती सगळी माणसं बेजबाबदार आहेत असं मला वाटत नाही. पगाराच्या पाकिटात बसेल असा हिशोब त्यांनी केलेला असतो.

त्या दिवशी मला हसता आलं नाही. मी त्या पोराला आमच्या गल्लीतल्या गवंडीकाकांची गोष्ट सांगितली.

गवंडीकाका आमच्या तीन घरं पलीकडे राहायचे. आमच्या घराची मागची भिंत त्यांच्या हातची. २०१७ च्या हिवाळ्यात एका सकाळी सहा-साडेसहाला, खानापूर रस्त्यानं सायकलवरून कामावर जाताना धुक्यात त्यांना मागून गाडीनं उडवलं. गाडी चालवणारा चोवीस वर्षांचा पोरगा मोबाइलच्या दुकानात कामाला होता, पगार पंधरा हजार. तो पळून गेला नाही. त्यानंच काकांना उचलून दवाखान्यात नेलं, रात्रभर तिथं बसून राहिला. काका तिसऱ्या दिवशी गेले.

गाडीचा विमा दोन महिन्यांपूर्वी संपला होता.

काकूंनी अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज केला. पदरात दोन पोरं, मोठा बारा वर्षांचा. तारखा पडत गेल्या. काकू दर तारखेला एकच धुवट जरीकाठी साडी नेसून जायच्या, कधी आई सोबत जायची. निकाल त्यांच्या बाजूनं लागला, साडेआठ लाख आणि व्याज. विमा चालू असता तर ती रक्कम कंपनीनं भरली असती. मृत्यूच्या किंवा जखमीच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात वरची मर्यादाच नसते. विमा नव्हता, म्हणून ती त्या पोराच्या डोक्यावर आली. त्याच्या बापानं घराशेजारची जागा विकली. सगळं धरून काकूंच्या हातात आजवर एक लाख दहा हजार आले आहेत, तेही पाच-सहा वेळा मिळून. तो पोरगा अजून अधूनमधून येतो, दाराबाहेर चप्पल काढून उभा राहतो आणि दोन-तीन हजार ठेवून जातो. काकू त्याला पाणी देतात. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. मी एकदा तो प्रसंग प्रत्यक्ष पाहिला आहे. दोन घरं एकाच दोन हजारांपायी कशी बसली, ते तेव्हा डोळ्यांसमोर दिसत होतं.

थर्ड पार्टीला मराठीत चांगला शब्द आहे, तिऱ्हाईत. आजी वापरायची. ‘तिऱ्हाईत माणसासमोर असं बोलू नये.’ ‘तिऱ्हाईताला विचार, तो खरं सांगेल.’ आपल्या घरचा नाही, समोरच्याच्या घरचाही नाही, असा तिसरा. पॉलिसीवर ‘थर्ड पार्टी’ वाचताना मला पूर्वी काहीच डोळ्यांपुढे यायचं नाही. आता तिऱ्हाईत म्हटलं की सायकलच्या हँडलला थापी आणि ओळंबा अडकवून धुक्यातून चाललेली पाठ दिसते. ते २,०९४ रुपये माझ्या गाडीसाठी नाहीत, माझ्यासाठीही नाहीत. ज्या माणसाला मी अजून भेटले नाही, भेटायची वेळ येऊच नये अशी प्रार्थना करते, त्याच्यासाठी मी ते दरवर्षी बाजूला ठेवते.

आणि म्हणूनच त्याच्यावरचा १८ टक्के जीएसटी मला सलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी काढला, ते फार चांगलं झालं. मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्यावरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. खासगी मोटार आणि दुचाकीचा मात्र १८ वरच राहिला. जो विमा कायद्यानं सक्तीचा आहे, जो भरणाऱ्यापेक्षा रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या हिताचा जास्त आहे, त्यावर कर कशाचा? माझ्या वॅगन-आरसाठी ते ३७७ रुपये होतात. व्हीएमसीवरच्या त्या पोराच्या हिशोबात दंड आणि विमा यांच्यातला फरक ४७१ चा होता. तो कर काढला असता तर फरक शंभराच्या खाली आला असता, आणि तो पोरगा कदाचित दुसऱ्या बाजूला झुकला असता. दुसरी गोष्ट हप्त्याची. पगार बारा तुकड्यांत येतो आणि विमा एका दमात मागतात. फ्रिजला, मोबाइलला महिन्याचे हप्ते करून मिळतात, मग सक्तीच्या विम्याला सहजासहजी का मिळू नयेत?

आमच्यापुरता तोडगा बाबांनी काढला. ७,४१५ भागिले बारा, म्हणजे ६१८. दर महिन्याच्या सात तारखेला पगार झाला की ६२० रुपये मी आईच्या तांदळाच्या डब्यामागच्या स्टीलच्या डबीत ठेवते, आणि बाबा कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीनं ‘गा’ लिहितात. श्वास पुरत नाही म्हणून त्यांना घरातलं फारसं काम जमत नाही, पण हा हिशोब त्यांनी आपला मानला आहे. मागच्या वर्षी मागचा बंपर एका रिक्षाला घासला, ३,२०० चं काम निघालं. क्लेम केला असता तर निम्मंच मिळालं असतं, वर एक हजार आपल्या पदरचे कापले असते आणि बोनसही गेला असता. बाबांनी कागदाच्या मागे आकडे मांडून मला ते दाखवलं. ‘डबीतलं घे,’ म्हणाले. आता आमचा बोनस २५ टक्के आहे. तो कागद त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला आहे.

परवा रविवारी गवंडीकाकूंचा मोठा मुलगा घरी आला. आता एकवीस वर्षांचा आहे, मच्छेला असेंब्लीत काम करतो. कुणाची तरी जुनी १२५ सीसीची गाडी त्यानं घेतली होती, बाहेर स्टँडवर उभी होती. कागदांची पिशवी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, ‘ताई, आरसी झाली माझ्या नावावर. तू त्या दिवशी चौदा दिवस म्हणाली होतीस, आज सहावा आहे.’

मी फोनवर रकाने भरत गेले. थर्ड पार्टी ७१४, मालकाच्या अपघात विम्याचे वेगळे, वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग घ्यायचा का, म्हणून मी विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. पाकिटातल्या नोटा त्यानं दोनदा मोजल्या.

‘ते पुढच्या वर्षी बघू,’ म्हणाला. ‘ताई, ते पहिलं हाय नव्हं, ते समोरच्याला मिळतंय ना? नक्की मिळतंय ना?’

‘मिळतंय,’ मी म्हटलं.

‘मग ते आधी भर.’

पॉलिसी फोनवर आली, तरी त्याला कागद हवा होता. भाऊ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रिंट घेऊन आला. त्यानं ती नीट चौपदरी घडी घातली, गाडीच्या सीटखालच्या डब्यात ठेवणार होता, मग थांबला आणि म्हणाला, ‘आधी आईला दाखवून येतो.’